बंदुकीचा धक्का जातो कुठे?

बंदुकीच्या नळीच्या तोंडावर बसवायचा एक लोखंडी तुकडा असतो. बोटभर लांब, दोन्ही अंगांना खाचा किंवा भोकं पाडलेला. त्याला 'मझल ब्रेक' म्हणतात. गोळी सुटताना बंदूक मागे जो धक्का देते तो कमी करायचा, एवढंच त्याचं काम.

आता या तुकड्यावर परभणीकडच्या माणसाने लेख लिहायचं काय कारण, असं आमच्या घरातल्याच दोघाचौघांना वाटणार, हे मला ठाऊक आहे. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. जिंतूरच्या डोंगरात रायफली घेऊन हिंडणारे निजामाच्या काळातले शिकारीही गेले. मग हा विषय आला कुठून?

मंडळी, विषय आला टेक्सासातून. माझा पुतण्या तिकडे असतो. तिकडेही रानडुकरांनी शेतं उकरून ठेवली आहेत आणि सरकारला ती नकोशीच झाली आहेत. २०१९ पासून तर शेतमालकाची संमती असली की खाजगी जमिनीवर डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. पुतण्या मित्रांबरोबर असाच एकदा गेला आणि त्याला एका मित्राची मोठ्या बोअरची रायफल उडवायला मिळाली. पहिल्यांदा ब्रेक लावून, मग ब्रेक काढून. "काका, जमीन-अस्मानाचा फरक!" असं तो फोनवर म्हणाला, आणि पुढचाच प्रश्न, "आपल्या आबांच्या बंदुकीला असा एक पाठवू का?"

आबा म्हणजे माझे चुलते. जिंतूर तालुक्यात आमचं वावर आहे, आणि आबांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची एकनळी आहे. वय सत्तरीच्या पुढे. रानडुकराने भुईमूग, हरभरा, मका काय ठेवलंय आता? रोह्यांचे कळप सोयाबीन आणि तूर तुडवतात ते वेगळंच. हिवाळ्यात जागलीला जाणं अजून सुटलेलं नाही. आबांच्या खांद्याची काळजी पुतण्याला वाटली, याचं मला कौतुकच आहे. पण "पाठव" असं मी म्हणालो नाही. का नाही, ते जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. बंदुकीचा धक्का ही सहन करून मिशीला पीळ द्यायची बाब नाही. आपल्याकडे ती तशी समजली जाते. "बंदूक खांद्यात बसली का रं?" असं विचारून पोरांची थट्टा करतात. पण त्या धक्क्याचा खरा परिणाम खांद्यावर होतच नाही, तो होतो डोक्यात. एकदोनदा जोरात बसला की पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच माणूस मनातून दचकतो. डोळे मिटतात, खांदा पुढे ढकलला जातो, नळी खाली झुकते. हे सगळं निमिषात होतं आणि त्याचं त्यालाही कळत नाही. छर्रे काळजात बसायच्या ऐवजी पोटात किंवा मांडीत बसतात.

आणि जखमी रानडुक्कर कुठे जातं? रात्री ते दिसेनासं होतं, म्हणजे तुरीत नाहीतर उसात शिरतं. सकाळी त्याच तुरीत, त्याच उसाच्या कडेला कोण जातं? निंदणीला, कापूस वेचणीला बाया जातात. बंदूक चालवणारा तेव्हा आखाड्यावर झोपलेला असतो. जखमी डुकराच्या सुळ्यापुढे जी उभी राहते तिचा त्या परवान्याशी काही संबंध नसतो. म्हणून धक्का आटोक्यात ठेवलाच पाहिजे, याबद्दल माझं आणि पुतण्याचं दुमत नाही. प्रश्न एवढाच की तो कशाने ठेवायचा.

ब्रेक काम कसं करतो ते बघू. शेतातली मोटार सुरू केली की पाइपाच्या तोंडातून पाणी जोरात पुढे जातं आणि पाइप मागे सरकतो, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. बंदुकीत तेच होतं. पुढे गोळी जाते, आणि गोळीच्या मागोमाग जळलेल्या दारूचा वायू जातो. या वायूकडे आपलं लक्ष नसतं, पण तो गोळीपेक्षाही वेगाने बाहेर पडतो. या दोघांनी पुढे जायचं म्हणजे बंदुकीने मागे यायचं. ब्रेक गोळीला हात लावत नाही. तो फक्त वायूला वाटेत अडवतो आणि खाचांमधून बाजूला, काही ब्रेक तर थोडं मागच्या दिशेलाही, वळवतो. पाइपाच्या तोंडाला दोन बाजूंना फाटे काढले तर तो मागे कमी सरकेल, तसंच.

यातून एक हिशेब निघतो आणि तो फार महत्त्वाचा आहे. ब्रेकचा उपयोग किती, हे धक्क्यात वायूचा वाटा किती यावर ठरतं. .३०-०६ ही जगभर शिकारीला वापरली जाणारी रायफल घ्या. गोळी साधारण पावणेबारा ग्रॅमची, वेग सेकंदाला आठशे-सव्वाआठशे मीटर, दारू साडेतीन ग्रॅमच्या आसपास. दारूचं वजन गोळीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं कमी, पण वेग जास्त. म्हणून एकूण धक्क्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा वायूचा असतो. मॅग्नम म्हणतात त्या मोठ्या काडतुसांत तो आणखी जास्त. तिथे चांगला ब्रेक लावला तर खांद्यावर येणारी ऊर्जा निम्म्यावर येऊ शकते. पुतण्याला वाटलेला जमीन-अस्मानाचा फरक खोटा नाही.

आता आबांची बारा बोअर घ्या. छर्रे ३२ ग्रॅम, वेग सेकंदाला ३७० मीटरच्या आसपास. दारू जेमतेम दोन ग्रॅम. म्हणजे ढकलायचं वजन भारी आणि त्यामानाने वायू थोडा. धक्क्यातला वायूचा वाटा दहा-पंधरा टक्क्यांच्या वर जात नाही. त्या दहा-पंधरा टक्क्यांतले ब्रेक किती वळवणार? आणि गंमत बघा, आबांची तीन किलोची एकनळी खांद्याला साधारण ३५ ज्यूल ऊर्जा देते, तर ती साडेतीन-पावणेचार किलोची शिकारी रायफल २८ च्या आसपास. म्हणजे आपल्याकडची साधी दिसणारी बंदूक त्या रायफलीपेक्षा जोरात लागते, आणि तिथेच हा तुकडा सगळ्यात कमी उपयोगाचा!

आपल्याकडे रायफल नाही का? आहे. ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली .३१५ ची रायफल परवान्यावर काहींकडे असते. पण शेतकऱ्याचा हक्क कायद्याने कुठपर्यंत येतो ते बघा. १९५९ च्या हत्यार कायद्यात पीक संरक्षणासाठी धरली आहे ती ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, आणि तिची नळी वीस इंचांपेक्षा आखूड नको. म्हणजे रायफलीसाठी निघालेली युक्ती आपल्या वावरात यायची तर ती मुळात चुकीच्या नळीवर येणार. शिवाय त्याच कायद्यात 'हत्यार' या शब्दात हत्यारांचे सुटे भागही धरले आहेत. ते परवान्याशिवाय परदेशातून आणता येत नाहीत. आणि गावातल्या लेथवाल्याकडून नळीच्या तोंडाला आटे पाडून घेणं तर नकोच; बंदुकीची दुरुस्ती किंवा बदल परवाना नसलेल्या माणसाने करायचा नाही असं कायदा स्पष्ट सांगतो. पुतण्याला हे माहीत असायचं कारण नव्हतं. प्रेमाने पाठवलेल्या पार्सलापायी आबांना तालुक्याच्या पोलीस ठाण्यात बसावं लागलं असतं, एवढंच.

पण समजा कायदा आड आला नसता आणि हिशेबही जुळला असता. तरीही मी ब्रेक नको असंच म्हणालो असतो. कारण दुसरं आहे.

तो वायू बाजूला वळवला, म्हणजे गेला कुठे?

नाशिकजवळ देवळालीला सैन्याची तोफखान्याची शाळा आहे. तिथल्या कवायतीची चित्रफीत कधी बघितलीत तर मोठ्या तोफांच्या नळीच्या तोंडाशी एक जाड ठोकळा दिसेल. तो मझल ब्रेकच. तोफेला त्याची खरोखर गरज असते. तो नसेल तर गाडा इतका जड करावा लागेल की डोंगरात ओढून नेता येणार नाही. पण तोफ उडते तेव्हा धूळ कुठे उठते ते बघा. पुढे उठते तशी दोन्ही बाजूंनाही उठते. म्हणून तोफेवरचे जवान कुठे उभे राहायचे ते ठरलेलं असतं, कानांवर संरक्षण असतं, आणि हुकमाशिवाय कुणी नळीच्या अंगाला जात नाही. तो ठोकळा बसवणंही सोपं काम नाही. २०१७ च्या चाचण्यांत आपल्या जबलपूरच्या धनुष तोफेचा गोळा तोंडाशीच्या ब्रेकला लागला होता. पुढच्या चाचण्या पार पडून पहिल्या सहा तोफा सैन्याच्या हाती पडायला २०१९ उजाडलं. एवढ्या मोठ्या कारखान्याची ही कथा, तर लेथवाल्याची काय असेल?

तोफेभोवती शिस्त असते. जागलीवर काय असतं? एक बंदूकवाला, आणि त्याच्या शेजारी हातभर अंतरावर बॅटरी धरणारा. हा बॅटरीवाला बहुतेक वेळा घरातला पोरगा असतो, नाहीतर सालगडी. उजेड बरोबर डुकराच्या अंगावर पडला पाहिजे म्हणून तो बंदुकीच्या जरा पुढेच उभा राहतो. म्हणजे ब्रेकच्या खाचा ज्या दिशेला तोंड करून असतात, नेमका तिथे!

बंदुकीचा आवाज मुळातच कानाच्या सहनशक्तीपलीकडचा असतो. अशा एका फटक्याच्या आवाजाची धोक्याची पातळी १४० डेसिबल धरतात. शिकारी रायफल १५५ ते १६५ च्या घरात जाते, बारा बोअरही दीडशेच्या पुढे. ब्रेक लावला की चालवणाऱ्याच्या कानाशी त्यात आणखी पाच ते दहा डेसिबल वाढतात. दहा हा आकडा लहान वाटतो, पण डेसिबलच्या हिशेबात दहाने वाढलं म्हणजे ऊर्जा दहापट झाली. बाजूला उभा असलेल्याला तर याहून जास्त मिळतं, आणि त्याला धक्का कमी झाल्याचा फायदा काहीच नाही. आतल्या कानातल्या ज्या बारीक केसांसारख्या पेशींमुळे आपण ऐकतो, त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. त्यांचं शेत दुबार पेरता येत नाही.

आमच्या आबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. फोन नेहमी उजव्या कानाला लावतात. घरात सगळे म्हणतात वयामुळे. मला तसं वाटत नाही. उजव्या खांद्यावरून बंदूक चालवणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो, आणि उजवा कान डोक्याच्या आडोशाला राहतो. जगभरच्या बंदूकवाल्यांमध्ये डॉक्टरांना हा डावा-उजवा फरक दिसतो. आबांच्या डाव्या कानात रात्री रातकिड्यासारखा आवाज येत राहतो. उन्हाळ्यातही, जेव्हा रातकिडे नसतात. ब्रेक न लावता हे झालंय. आणि त्यांची बॅटरी वर्षानुवर्षं ज्याने धरली तो माझा चुलतभाऊ पन्नाशीत टीव्ही एवढ्या मोठ्याने लावतो की वहिनी वैतागून अंगणात जाऊन बसते. त्याने आयुष्यात एकदाही बंदूक चालवलेली नाही.

ब्रेक धक्का नाहीसा करत नाही. माझ्या खांद्यावरचा काढून शेजाऱ्याच्या कानात टाकतो. आपल्याकडे शिवारात हे नवीन नाही म्हणा. रात्री फटाके वाजवून आपण डुकरं पळवतो ती धुऱ्यापलीकडच्या वावरातच ना? तिथून तो वाजवतो की परत इकडे. पण डुकरं निदान फिरून आपल्याकडे येतात, तेव्हा हिशेब बरोबरीत सुटतो. बॅटरीवाल्याच्या कानाचा हिशेब कोण बरोबरीत सोडवणार?

तिकडच्या शिकाऱ्यांना हे कळत नाही असं नाही. अमेरिकेतही वाटाडे आणि नेमबाजीच्या मैदानावरचे शेजारी ब्रेकवाल्यापासून चार हात लांब राहणं पसंत करतात. आणि त्यांची बाजूही आहे. धक्का कमी झाला की डोळा लक्ष्यावरून हलत नाही, गोळी कुठे लागली ते दिसतं, सराव जास्त करता येतो, लहानखुऱ्या अंगाच्या माणसाला मोठी रायफल चालवता येते. एकट्याने, मोकळ्या मैदानात, कानावर दुहेरी संरक्षण घालून कुणी ब्रेक वापरत असेल तर मला त्यात काही वावगं दिसत नाही. माझा आक्षेप अंधारात, माणसं जवळ असताना, उघड्या कानांनी वापरण्याला आहे. आणि आपली जागल नेमकी तशीच असते.

बरं, मग आबांच्या खांद्याचं काय? उपाय आहेत, आणि ते जुने आहेत.

पहिला उपाय वजनाचा. धक्क्याची ऊर्जा बंदुकीच्या वजनाच्या उलट चालते. तीन किलोची बंदूक साडेतीन किलोची झाली तर ती ऊर्जा सातव्या हिश्शाने कमी होते. हलकी बंदूक खांद्यावर वाहायला बरी आणि उडवायला वाईट. नेमबाजीत ५० मीटर रायफलीला आठ किलोपर्यंत वजन चालतं, आणि मझल ब्रेक बसवायला मात्र नियमानेच मनाई आहे. कोल्हापूरकडच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं, स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणलं, ते बिनब्रेकच्या रायफलीवर. ती लहान बोअरची असते, धक्का नगण्य, हे खरं. पण तिथेही सगळा भर शरीराची ठेवण आणि श्वास यांवर असतो, हे आपल्याला घेण्यासारखं आहे.

दुसरा उपाय दस्त्याचा. दस्त्याच्या मागे चांगल्या रबराची गादी असली की तोच धक्का जरा जास्त वेळ घेऊन आणि जास्त जागेवर पसरून येतो. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाला ती बसवून देतो. दस्त्याची लांबी माणसाच्या हाताच्या मापाची हवी. जागल पडते थंडीत. आबा अंगात स्वेटर, वर जाकीट आणि त्यावर शाल घेतात. कपड्यांचा थर वाढला की दस्ता खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर बसतो, आणि दुसऱ्या दिवशी दंड काळानिळा होतो. शाल काढून बंदूक खांद्याला लावायची, यात कसलं तंत्रज्ञान आहे?

तिसरा उपाय उभं राहण्याचा. मचाणाच्या खांबाला पाठ टेकून उडवली की शरीराला मागे झुलायला जागा राहत नाही, आणि सगळा मार खांदा एकटा खातो. जरा पुढे झुकून, अंग सैल ठेवून, दस्ता खांद्यात घट्ट ओढून धरला की तोच धक्का सगळ्या अंगाला वाटला जातो. बंदूक आणि खांदा यांत अंतर ठेवणारा मार खातो.

चौथा उपाय सगळ्यात जुना. झेपेल तेवढंच काडतूस. जिम कॉर्बेटने चंपावतची वाघीण मारल्यावर त्याला १९०७ साली जी .२७५ ची रिग्बी रायफल भेट मिळाली, ती त्या काळच्या हत्ती मारायच्या बंदुकांपुढे पोरखेळ वाटावी इतकी सौम्य होती. ती त्याने पुढे वर्षानुवर्षं वापरली, कारण ती खांद्याला घाबरवत नव्हती. डुकरासाठी मोठे छर्रे लागतात हे खरं, पण सराव तरी हलक्या काडतुसावर करता येतो. चार ग्रॅम छर्रे कमी असले तर धक्का जवळजवळ पाचव्या हिश्शाने उतरतो.

आणि इथे माझा खरा मुद्दा येतो. सराव करायचा कुठे?

२०१५ मध्ये राज्य सरकारने पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकरांना आणि रोह्यांना मारायच्या परवानगीची पद्धत सोपी केली. चांगलं केलं. २०१६ च्या हत्यार नियमांनी नव्या परवान्यासाठी बंदूक सुरक्षित हाताळायच्या प्रशिक्षणाची अट घातली, तेही चांगलंच. पण आबांसारख्या जुन्या परवानाधारकाने शेवटचं निशाण कधी धरलं, डोळे कसे आहेत, दचकतो का, हे कोण बघतं? काडतूस महाग, म्हणून सरावावर कुणी खर्च करत नाही. वर्षातून दोनतीनदा बंदूक निघते ती थेट अंधारात आणि थेट जिवंत जनावरावर. अशा हाताला जगातला कुठलाही लोखंडी तुकडा सुधारणार नाही.

माझं मत असं, की परवानगीच्या कागदाबरोबर वर्षातून एक दिवस सरावाचा असावा. जिल्ह्याच्या पोलिसांकडे गोळीबाराचं मैदान असतं, वनखात्याकडे माणसं असतात. दहा काडतुसं कागदाच्या डुकरावर उडवा, जो दचकतो त्याला शिकवा, आणि जो शिकूनही दचकतो त्याने रात्री बंदूक काढू नये. त्याच दिवशी प्रत्येकाला कानाची बोंडं द्या. एक जोडी बंदूकवाल्याला, एक बॅटरीवाल्याला. खर्च किती येईल? पावशेर भुईमुगाच्या आसपास. कापूस कोंबून उपयोग होत नाही, हेही सांगा, कारण आपल्याकडे सगळे तेच करतात.

एक अडचण मात्र खरी आहे. जागलीत कान हेच हत्यार असतं. डुक्कर आधी दिसत नाही, ऐकू येतं. उसाचं कांडं मोडल्याचा आवाज, माती उकरल्याचा आवाज. रात्रभर कान बंद करून बसलं तर जागल कसली? बोंडं खिशात ठेवून ऐनवेळी घालायची तर अंधारात हात थरथरतात. तिकडे यावर एक वस्तू मिळते. कानावर घालायचे टोप असतात, त्यांत बारीक आवाज मोठा करून ऐकू येतो आणि मोठा आवाज झाला की तो तिथल्या तिथे कापला जातो. परवा पुतण्याच्याच कानावर ते होते, ब्रेकचं कौतुक करताना त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं! हत्यार कायद्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि आबांच्या उरलेल्या उजव्या कानाला ते उपयोगी पडतील.

त्याला मी उत्तर पाठवलंय. ब्रेक पाठवू नकोस, कानाचे टोप पाठव. दोन पाठव. आबांच्या शेजारी सध्या बॅटरी धरायला चुलतभावाचा धाकटा जातो, तो यंदा बारावीला आहे.